माल्प्लाकेची लढाई (११ सप्टेंबर १७०९) : विजयाच्या मोजमापाचा प्रश्न

लढाई कोणी जिंकली, या प्रश्नाचे उत्तर देण्यास इतिहासकाराला सहसा विलंब लागत नाही. रणभूमी ज्याच्या ताब्यात राहिली तो विजयी, असा एक जुना आणि सोयीचा नियम आहे. स्पेनच्या वारसायुद्धातील माल्प्लाकेच्या लढाईस हा नियम लावला, तर ड्यूक ऑफ मार्लबरो व सॅव्हॉयचा प्रिन्स यूजीन यांच्या हाताखालील दोस्तांच्या सैन्याने ती जिंकली, याविषयी वाद उरत नाही. ११ सप्टेंबर १७०९ रोजी दुपारी फ्रेंच सैन्य मैदान सोडून गेले आणि ज्या मॉन्सच्या किल्ल्यासाठी ही लढाई झाली, तो पुढील महिन्यात दोस्तांच्या हाती पडला. तथापि पराभूत फ्रेंच सेनापती व्हिलार याने चौदाव्या लुईस जे लिहिले, त्याचा आशय असा होता की, परमेश्वरकृपेने अशीच आणखी एक लढाई आपण हरलो, तर शत्रूंचा निकाल लागलाच म्हणून समजावे. या उद्गारात पराभूताची बढाई आहे, हे उघडच आहे. परंतु त्यात बढाईखेरीज आणखी काही आहे की काय, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच कालगणनेविषयी एक सूचना देणे अवश्य वाटते. त्या काळी इंग्लंडात जुनी, म्हणजे जूलियन, कालगणना चालू होती आणि ती युरोप खंडातील नव्या कालगणनेच्या ११ दिवस मागे होती. त्यामुळे इंग्लंडातील कागदांत ही लढाई ३१ ऑगस्टच्या तारखेखाली सापडते. शिवाय दोस्तांच्या काही कागदपत्रांत तिला माल्प्लाकेचे नाव नसून जवळच्या ब्लारेन्यी या गावाचे नाव आहे. प्रथमच मूळ साधने चाळणाऱ्या विद्यार्थ्याचा या दोन कारणांनी घोटाळा होण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात सर्व तारखा नव्या कालगणनेनुसार दिल्या आहेत.

१

स्पेनचा निपुत्रिक राजा दुसरा चार्ल्स १ नोव्हेंबर १७०० रोजी मरण पावला आणि मृत्युपत्राने आपले सारे साम्राज्य चौदाव्या लुईचा नातू आंजूचा ड्यूक फिलिप यास देऊन गेला. फ्रान्स व स्पेन ही दोन राज्ये एकाच घराण्याच्या हाती जावीत, हे इंग्लंड, हॉलंड व ऑस्ट्रियाचा सम्राट यांस परवडण्यासारखे नव्हते. सप्टेंबर १७०१ मध्ये त्यांचा महासंघ झाला व त्यांनी सम्राटाचा धाकटा पुत्र आर्चड्यूक चार्ल्स याचा हक्क पुढे केला. पुढील सात वर्षांचा वृत्तांत येथे देण्याचे कारण नाही. ब्लेनहाइम (१७०४), रामिली (१७०६) व औडेनार्ड (१७०८) या तीन लढायांनी फ्रान्सचा लष्करी दरारा संपुष्टात आणला आणि १७०८ च्या अखेरीस लिल हा मोठा किल्लाही दोस्तांनी घेतला, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

त्यानंतर जो हिवाळा आला त्याला फ्रान्सच्या इतिहासात 'महाहिवाळा' असे नाव पडले आहे. ५ जानेवारी १७०९ च्या रात्री थंडीची लाट आली. नद्या गोठल्या, दक्षिणेकडील ऑलिव्हची झाडे व ठिकठिकाणचे द्राक्षमळे जळून गेले, आणि शरदात पेरलेले धान्य जमिनीतच मेले. दुष्काळ व त्यामागोमाग आलेले रोग यांमुळे फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे सहा लाख अधिक माणसे दगावली असावीत, असा लोकसंख्येच्या इतिहासाच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. सरकारी तिजोरी रिकामी होती, आणि सैन्याला पगार तर राहोच, भाकरी मिळण्याचीही शाश्वती नव्हती.

या अवस्थेत लुईने आपला परराष्ट्रमंत्री टोर्सी यास जातीने हेगला पाठविले. ज्या राजाने १६७२ मध्ये हॉलंड बुडविण्याचा घाट घातला होता, त्याचा मंत्री आता डच पेन्शनरी हाइन्सियस याच्या दारी तहाची याचना करीत होता. मे महिन्याच्या अखेरीस दोस्तांनी ४० कलमांचा मसुदा पुढे ठेवला. त्यातील बहुतेक कलमे गिळण्याची लुईची तयारी होती. अडचण आली ती ३७ व्या कलमापाशी. त्या कलमाचा अर्थ असा की, दोन महिन्यांच्या तहकुबीच्या काळात स्पेनचे सर्व साम्राज्य आर्चड्यूकच्या हवाली झाले पाहिजे, नपेक्षा युद्ध पुन्हा सुरू होईल. फिलिप स्वेच्छेने माद्रिद सोडणार नव्हता, आणि स्पेनमधील कॅस्टीलची प्रजा त्याच्या पाठीशी होती. म्हणजे लुईने सीमेवरील किल्ले तारण म्हणून आधीच देऊन टाकावयाचे, आणि नंतर एकतर स्वतःच्या नातवावर शस्त्र धरावयाचे किंवा किल्ले गमावून पुन्हा युद्धास तोंड द्यावयाचे. लुईने मसुदा फेटाळला. १२ जूनच्या एका पत्राने त्याने प्रांताधिपतींमार्फत तहाच्या अटी प्रजेला कळविल्या. निरंकुश सत्तेचा पुरस्कर्ता असलेल्या राजाने आपली बाजू प्रजेपुढे मांडावी, हा प्रकार त्या काळी अपूर्वच म्हटला पाहिजे. या पत्राचा परिणाम झाला. पण सैन्यात भरती वाढली तिला देशाभिमानाइतकीच उपासमारही कारण होती. गावात अन्न नव्हते. छावणीत निदान अधूनमधून ते मिळण्याची आशा होती.

माल्प्लाकेचे मोल ठरविताना हा तपशील दृष्टीआड करून चालणार नाही. लढाईपूर्वीच दोस्तांच्या पदरात जवळजवळ सर्व काही पडले होते. लढाईने त्यांना आणखी काय मिळणार होते, हा प्रश्न त्या वेळीही विचारण्यासारखा होता.

२

व्हिलार वसंतात फ्लँडर्सच्या आघाडीवर आला तेव्हा त्याने सैन्य उघड्या मैदानात न आणता ला बासेच्या परिसरात खंदक व पाणथळ जमीन यांच्या आश्रयाने रोवून धरले. मार्लबरो व यूजीन यांनी ती जागा पाहिली व हल्ल्याचा विचार सोडून तूर्नेच्या किल्ल्यास वेढा घातला.

त्या युगातील युद्धपद्धतीविषयी येथे थोडे विवेचन केले पाहिजे, कारण लढायांची वर्णने वाचून आपली अशी समजूत होते की सेनापती सतत लढाईच्या शोधात असत. वस्तुस्थिती तशी नव्हती. फ्रान्सच्या उत्तर सीमेवर व्होबाँ याने किल्ल्यांची दुहेरी रांग उभी केली होती. साठसत्तर हजार माणसे व त्यांचे घोडे ज्या सैन्यात आहेत, त्याला धान्य, पीठ, भट्ट्या, गाड्या व वैरण यांचा अखंड पुरवठा लागतो. आणि तो नद्या व किल्ल्यांतील कोठारे यांवर अवलंबून असतो. पाठीमागे शत्रूचा किल्ला अभंग ठेवून पुढे गेलेल्या सैन्याची रसद तुटलीच म्हणून समजावी. म्हणून मोहिमेचे मूळ काम वेढ्याचे असे, आणि लढाई होई ती बहुधा वेढा बसू नये किंवा उठावा यासाठी. तूर्नेच्या वेढ्याने याची साक्ष पटते. गाव जुलैच्या अखेरीस पडले, परंतु बालेकिल्ला ३ सप्टेंबरपर्यंत टिकला. तेथे जमिनीखालून सुरुंग व प्रतिसुरुंग यांचे जे युद्ध झाले, ते त्या युद्धातील अत्यंत भीषण प्रसंगांपैकी एक होय. भूमिगत वाटांच्या अंधारात माणसे एकमेकांना कापीत होती आणि स्फोटात तुकड्याच्या तुकड्या गाडल्या जात होत्या.

तूर्ने पडताच दोस्तांनी पूर्वेकडे वळून मॉन्सला घेरले. हेस-कासेलचा प्रिन्स त्वरेने पुढे गेला आणि ६ सप्टेंबर रोजी मॉन्सच्या वाटा त्याने रोखल्या. व्हिलारला लढाई देण्याची परवानगी लुईने आता दिली होती. वृद्ध मार्शल बूफ्लेर हा दर्जाने व्हिलारहून वरिष्ठ असता, त्याने कनिष्ठाच्या हाताखाली काम करण्याची तयारी दाखविली व तो छावणीत दाखल झाला. मानपानासाठी मोहिमा फसल्याची उदाहरणे त्या काळात पैशाला पासरी सापडतात, हे लक्षात घेता हा प्रसंग वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. पुढे लढाईच्या ऐन मध्यावर फ्रेंच सैन्य निर्नायक झाले नाही, ते केवळ यामुळे.

३

मॉन्सच्या दक्षिणेस सुमारे चार-पाच कोसांवर दोन अरण्ये आहेत. पश्चिमेकडील ते सारचे अरण्य व पूर्वेकडील ते लानिएरचे. त्यांच्यामधील उघड्या पट्ट्याच्या तोंडाशी माल्प्लाके हे खेडे आहे. ९ सप्टेंबर रोजी व्हिलारने ही खिंड व्यापली. त्या दिवशी व १० तारखेस दोस्तांनी हल्ला केला नाही, आणि या दोन दिवसांत फ्रेंच सैनिकांनी फावडी व कुऱ्हाडी चालवून जागेचे स्वरूपच पालटून टाकले. मधल्या उघड्या भागात मातीचे नऊ कोनाकृती मोर्चे उभारण्यात आले व त्यांच्यामध्ये घोडदळास पुढे येता यावे म्हणून वाटा ठेवण्यात आल्या. सारच्या अरण्याच्या पुढे आलेल्या टोकात झाडे पाडून अडथळे केले व त्यांमागे पायदळ बसविले. उजवीकडे लानिएरच्या कडेने एकामागे एक खंदक खणले आणि समोरून चाल करणाऱ्याच्या कुशीत मारा व्हावा अशा बेताने २० तोफांची एक मोरचेबंदी दडवून ठेवली. उजवी बाजू बूफ्लेरकडे होती, डावी खुद्द व्हिलारकडे.

दोस्त दोन दिवस का थांबले? तूर्नेहून येणाऱ्या तुकड्यांची, विशेषतः जनरल विदर्स याच्या १९ पलटणींची, ते वाट पाहत होते, हे नेहमीचे उत्तर आहे व ते खोटे नाही. ९ तारखेस दोस्तांचे सर्व सैन्य जाग्यावर आलेही नव्हते. परंतु १० तारखेस हल्ला झाला असता तर समोर अर्धेच मोर्चे असते. या विलंबाचा दोष मार्लबरोचा, यूजीनचा, की युद्धमंडळाचा, यावर इंग्रज लेखकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला स्वतःला हा वाद फारसा फलदायी वाटत नाही. थांबण्याचा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता. १९ पलटणींचे वजन अधिक की दोन दिवसांच्या खोदकामाचे, एवढाच हिशेब होता व तो चुकला. बंदुकीच्या टोकाला संगीन आल्यापासून भाला नाहीसा झाला होता. प्रत्येक पायदळी सैनिक आता गोळी झाडणारा होता. अशा सैनिकाला छातीइतका मातीचा आडोसा मिळाला, म्हणजे त्याची शक्ती किती वाढते, याची पुरती जाणीव या दोन थोर सेनापतींनाही ११ तारखेच्या सकाळपर्यंत झालेली दिसत नाही.

दोस्तांची योजना मार्लबरोच्या नेहमीच्या धाटणीची होती. शत्रूच्या दोन्ही बगलांवर दाब आणावयाचा, मधली फळी दुबळी करून बगलांना कुमक पाठविणे त्यास भाग पाडावयाचे, आणि मग राखून ठेवलेल्या सैन्याने मध्य फोडावयाचा. ब्लेनहाइम येथे हीच रीत फळास आली होती व रामिलीसही थोड्या फरकाने तीच योजिली होती. आता शुलेनबुर्गने ४० पलटणी घेऊन सारच्या अरण्यावर उत्तरेकडून व लॉटुमने २२ पलटणींसह त्याच्या पूर्व कडेवर चालून जावयाचे होते. डाव्या बाजूस ऑरेंजचा तरुण प्रिन्स योहान विल्यम फ्रिसो ३० डच पलटणींनिशी बूफ्लेरसमोर उभा होता; त्यांत डचांच्या चाकरीतील स्कॉटिश पलटणीही होत्या. मध्ये ऑर्कनीच्या १५ पलटणी राखीव होत्या आणि त्यांच्या मागे घोडदळाचा प्रचंड समूह होता.

४

११ तारखेच्या सकाळी दाट धुके होते. ते विरळ होताच तोफा सुरू झाल्या व नऊच्या सुमारास शुलेनबुर्ग व लॉटुम यांचे पायदळ सारच्या अरण्यात शिरले. अरण्यात ओळी मोडल्या, अधिकाऱ्यांचे हुकूम ऐकू येईनासे झाले, आणि लढाई झाडाझाडापाशी, हातघाईची झाली. दोन-तीन वेळा दोस्त मागे रेटले गेले. यूजीनला डोक्याला गोळी चाटून गेली. जखम बांधून घेण्यास तो तयार झाला नाही. दुपारपर्यंत फ्रेंच हळूहळू अरण्याच्या मागच्या कडेपर्यंत हटले. याच रानात राणी अ‍ॅनच्या चाकरीतील एका आयरिश पलटणीची गाठ फ्रान्सच्या चाकरीतील आयरिश पलटणीशी पडल्याचे कॅप्टन पार्कर याच्या आठवणींत नमूद आहे. आपल्या पलटणीच्या यशाचे श्रेय पार्कर तुकडीवार गोळीबाराच्या पद्धतीस व जड गोळीस देतो : इंग्रजी बंदुकीच्या १६ गोळ्यांचे वजन एक पौंड, तर फ्रेंचांच्या २४ गोळ्यांचे. देशबांधवांच्या या भेटीवर त्याने भावनेचा एक शब्दही खर्च केलेला नाही, ही गोष्ट वाचताना मन थबकते.

दरम्यान डाव्या बाजूस एक भयंकर प्रकार घडला होता. उजवीकडील हल्ल्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने ऑरेंजच्या प्रिन्सने आपल्या पलटणी पुढे काढल्या. दडविलेल्या २० तोफांनी त्यांच्या कुशीत गोळ्यांचा वर्षाव केला. डच निळे गार्ड हे त्या सैन्याचे भूषण. त्यांच्या रांगा उभ्याच्या उभ्या झोपल्या. तरीही पहिला खंदक त्यांनी घेतला व बूफ्लेरच्या राखीव सैन्याने त्यांना तेथून हुसकले. प्रिन्सने पुन्हा हल्ला केला; पुन्हा तेच झाले. अर्ध्या-पाऊण तासात काही हजार माणसे पडली. डच शिष्टमंडळाचा सभासद गॉस्लिंगा घोडा फेकीत मार्लबरोकडे गेला. मार्लबरो व यूजीन तेथे आले व त्यांनी तिसरा हल्ला थांबविला.

डाव्या बाजूस फ्रेंच फळी मोडू लागली तेव्हा व्हिलारने मधल्या मोर्च्यांतून एकामागून एक तुकड्या काढून अरण्यामागे नेल्या. सुमारे ५० पलटणींची नवी रांग तेथे उभी करून तो प्रतिहल्ल्याच्या तयारीत होता. याच सुमारास त्याच्या गुडघ्याला गोळी लागली. खुर्चीवर बसून हुकूम देण्याचा त्याने यत्न केला, परंतु शुद्ध हरपली व त्यास रणांगणाबाहेर न्यावे लागले. प्रतिहल्ला जागच्या जागी राहिला. मध्य रिकामा पडला आहे हे हेरून मार्लबरोने ऑर्कनीला पुढे घातले. एकच्या सुमारास ऑर्कनीच्या माणसांनी ते मातीचे मोर्चे फारसा विरोध न होता घेतले, आणि त्यांच्यामधील वाटांतून दोस्तांचे घोडदळ मैदानात उतरू लागले. रांगा पुरत्या लागण्यापूर्वीच बूफ्लेर फ्रेंच राजरक्षक घोडदळासह त्यांच्यावर येऊन कोसळला. असे हल्ले त्याने पुनःपुन्हा केले, आणि प्रत्येक वेळी मोर्च्यांतील पायदळाच्या गोळीबाराने दोस्तांच्या घोडेस्वारांस सावरून घेतले. तीनच्या सुमारास बूफ्लेरने माघारीचा हुकूम दिला. सैन्य शिस्तीने, निशाणे उभारून, ल केनवा व व्हालाँसिएनच्या दिशेने निघून गेले. पाठलाग झाला नाही. तो करण्याचे त्राण कोणात उरले नव्हते.

५

या लढाईतील प्राणहानीच्या आकड्यांविषयी लिहिताना सावधगिरी बाळगली पाहिजे. त्या काळी सैन्याचे बळ पलटणी व घोडदळाची पथके यांच्या संख्येने सांगत. दोन्ही बाजूंस सुमारे सव्वाशे पलटणी व अडीचशे पथके होती, एवढे निश्चयाने सांगता येते. परंतु एका पलटणीत प्रत्यक्षात साडेचारशे माणसे धरावयाची की सहाशे, यावर एकूण संख्या बदलते. म्हणूनच दोस्तांचे सैन्य एका ग्रंथात ८६,००० तर दुसऱ्यात लाखाच्या वर असते, आणि फ्रेंचांचे ७५,००० पासून पुढे चढत जाते. तेव्हा कोणी एकच आकडा ठाम स्वरात दिला, तर तो कोणत्या हिशेबाने आला हे पाहिल्याखेरीज स्वीकारू नये.

हानीच्या बाबतीत दोस्तांचे मृत व जखमी मिळून २१,००० ते २४,००० असावेत, असे बहुतेकांचे मत आहे. फ्रेंचांची हानी ११,००० च्या आसपास मानतात. काही लेखक ती १७,००० पर्यंत नेतात. कमीअधिक काहीही धरले, तरी विजेत्याची हानी पराजिताहून पुष्कळ मोठी होती, हा निष्कर्ष ढळत नाही. रामिलीला दोस्तांची चार हजारांहूनही कमी माणसे पडली होती, आणि शत्रूचे सैन्य उधळले गेले होते. या तुलनेवरून तीन वर्षांत काय बदलले ते कळते. डच पायदळाचेच आठ हजारांहून अधिक लोक कामास आले. ब्रिटिशांचे दोन हजारांच्या आतच. लढाईस इंग्रज ग्रंथकारांनी मार्लबरोची लढाई म्हणून कितीही रंगविले, तरी रक्ताचा मोठा भाग डच, जर्मन, डॅनिश व स्कॉटिश शिपायांचा होता, हे विसरता येत नाही.

यावरून ऑरेंजच्या प्रिन्सच्या जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. इंग्रजी ग्रंथांत चालत आलेली हकिकत अशी की, प्रिन्सला केवळ हूल देण्याचा हुकूम होता व २२ वर्षांच्या त्या तरुणाने उतावीळपणे खरा हल्ला केला. विन्स्टन चर्चिल याने आपल्या पूर्वजाचे जे चतुःखंडी चरित्र लिहिले (१९३३–१९३८), त्यामुळे ही हकिकत अधिकच रूढ झाली. डच इतिहासकारांनी ती मानलेली नाही. मला त्यांचा पक्ष सबळ वाटतो, तो पुढील कारणासाठी. मूळ बेत असा होता की, तूर्नेहून येणाऱ्या विदर्सच्या १९ पलटणी डाव्या बाजूस, म्हणजे प्रिन्सच्या मदतीस जाव्यात. त्या उशिरा पोहोचल्या, म्हणून त्यांना दूर उजवीकडून सारच्या अरण्यास वळसा घालण्यास पाठविले. ज्या बाजूस केवळ हूल द्यावयाची, तिला १९ पलटणींची जादा कुमक देण्याचे मुळात कोणाच्या मनात का यावे? तेव्हा डाव्या बाजूचा हल्ला आरंभी खराच योजलेला असावा, आणि कुमक दुसरीकडे वळविल्यावर त्याचे स्वरूप बदलले हे प्रिन्सला पुरेसे स्पष्ट केले गेले नसावे. दुसरे असे की, बूफ्लेरला जाग्यावर खिळवून ठेवणे हाच जर हेतू, तर ते काम हूल देऊन होण्यासारखे नव्हते. दूर उभ्या असलेल्या शत्रूकडे पाठ फिरवून तो दुसऱ्या बाजूस मदत पाठवू शकला असता. डचांच्या त्या संहारामुळे बूफ्लेरची माणसे उजवीकडे अडकून पडली व व्हिलारला डावीकडची भर मधूनच काढावी लागली. अर्थात दोन हल्ल्यांची जरुरी होती असे यावरून सिद्ध होत नाही. दुसरा हल्ला प्रिन्सच्याच माथी जातो. स्वतःची बाजू मांडण्यास तो फार काळ जगला नाही. १७११ मध्ये मूरडाइक येथे नौका उलटून तो बुडाला. गॉस्लिंगाच्या आठवणी तर १८५७ पर्यंत छापल्याही गेल्या नव्हत्या. तोवर इंग्रजी मत पक्के होऊन बसले होते.

६

मॉन्स २० ऑक्टोबर १७०९ रोजी पडले व त्या वर्षाची मोहीम संपली. नकाशावर पाहिले तर दोस्तांची आणखी एक पायरी पुढे पडली होती. पण पुढील घटना पाहता दोन ठिकाणी तडे गेलेले दिसतात.

पहिला तडा हॉलंडात. ज्या पायदळाच्या बळावर हे छोटे प्रजासत्ताक मोठ्या राष्ट्रांच्या पंगतीस बसले होते, त्याचा कणा माल्प्लाकेस मोडला. २९ ऑक्टोबर १७०९ रोजी ब्रिटनने डचांशी सीमारक्षक किल्ल्यांचा करार केला व त्यात त्यांस उदार हस्ताने किल्ले कबूल केले. डच युद्धातून अंग काढून घेतील, ही धास्ती या औदार्याच्या मुळाशी होती.

दुसरा तडा लंडनमध्ये. त्याच सुमारास मार्लबरोने तहहयात सरसेनापतिपद मागितले व राणी अ‍ॅनने ते नाकारले. युद्धाचा कंटाळा आलेल्या जमीनदारांना माल्प्लाकेच्या मृतांची यादी हे आयते हत्यार मिळाले. १७१० च्या निवडणुकीत टोरी पक्ष विजयी झाला. स्विफ्टने १७११ च्या अखेरीस 'दोस्तांचे वर्तन' या अर्थाच्या शीर्षकाची पत्रिका लिहून युद्ध चालू ठेवण्यावर कडाडून टीका केली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मार्लबरो पदच्युत झाला. १७१२ मध्ये उमरावांच्या सभेत अर्ल पोलेट याने तर असे सुचविले की, काही सेनापती अधिकाऱ्यांना मुद्दाम मरणाच्या तोंडी देतात व रिकाम्या झालेल्या जागा विकून खिसे भरतात. मार्लबरोने त्यास द्वंद्वाचे आव्हान दिले व राणीस मध्ये पडावे लागले. आरोप निराधार होता. पण असा आरोप भर सभेत करता येतो, ही परिस्थिती ब्लेनहाइमनंतर शक्य नव्हती.

असे असले तरी माल्प्लाकेने फ्रान्स वाचविला, हे सरसकट विधान मी करणार नाही. फ्रेंच इतिहासकारांना ते प्रिय आहे, आणि व्हिलारला तर होतेच. १७१० मध्ये खेर्ट्राउडेनबेर्ग येथे पुन्हा वाटाघाटी झाल्या तेव्हा लुई आपल्या नातवाविरुद्ध दोस्तांना पैसा पुरविण्याससुद्धा तयार होता. माल्प्लाकेनंतर काही महिन्यांनीही फ्रान्सची ही दशा असेल, तर लढाईने तारले असे कसे म्हणावे? फ्रान्सला खरोखर तारले ते इतर गोष्टींनी. स्पेनमध्ये डिसेंबर १७१० मध्ये ब्रिवेगा व व्हिलाव्हिसिओसा येथे फिलिपच्या पक्षाने मिळविलेले विजय. एप्रिल १७११ मध्ये सम्राट पहिला जोसेफ याचा मृत्यू, ज्यामुळे आर्चड्यूक चार्ल्सच सम्राट होणार व स्पेन त्यास देणे हे आता फिलिपला देण्याइतकेच धोक्याचे ठरले. आणि लंडनमधील सत्तांतर. माल्प्लाकेचा वाटा यांपैकी शेवटच्या गोष्टीत आहे, आणि तोही अप्रत्यक्ष.

मात्र एक परिणाम थेट झाला. १७०४ पासून फ्रेंच शिपायाच्या मनात असा समज घर करून बसला होता की मार्लबरो व यूजीन एकत्र आले म्हणजे पळावयाचेच. माल्प्लाकेहून तो शिपाई पळाला नाही, चालत गेला. व्हिलारने १७१२ च्या जुलैत देनाँ येथे दोस्तांच्या तुकडीवर जो धाडसी हल्ला केला, तो करणारे सैन्य हेच होते. त्या वेळी ब्रिटिश पलटणी लंडनच्या हुकुमाने युद्धापासून दूर झाल्या होत्या. एप्रिल १७१३ मध्ये उट्रेख्टचा तह झाला. पुढील वर्षी राश्टाट येथे फ्रान्स व सम्राट यांच्यात तह ठरविण्यासाठी जे दोघे समोरासमोर बसले, ते व्हिलार व यूजीन होते. ३७ व्या कलमाचा विषय तेव्हा निघण्याचे कारणच नव्हते; फिलिप स्पेनच्या गादीवर कायम होता.

या तहांनी लिल फ्रान्सला परत मिळाले. तूर्ने व मॉन्स ही ऑस्ट्रियाच्या अधिपत्याखाली नेदरलँड्समध्ये गेली. ती सीमा पुढे थोड्याफार फरकाने टिकून राहिली आहे : मॉन्स व ब्लारेन्यी आज बेल्जियममध्ये आहेत, आणि माल्प्लाके फ्रान्समध्ये.